छोट्या डर्ट बाईकची ट्यूब सारखी सारखी जातेय? नवी टाकायच्या आधी जुनी नीट बघा

भाच्याच्या छोट्या डर्ट बाईकनं दोन महिन्यात पाच ट्यूब खाल्ल्या तेव्हा मी ह्या विषयात घुसलो. बाईक ५० सीसीची, दोन्ही चाकं दहा इंची, टायरवर २.५०-१० लिहिलेलं, सेकंडहँड घेतलेली. सोलापूरहून अक्कलकोट रोडला कुंभारीच्या पुढं आमचं रान आहे, तिथंच चालवतो, रस्त्यावर काढत नाही कारण ह्या गाड्यांना पासिंग नसतं आणि पोरगं दहा वर्षांचं आहे. दर रविवारी तेच व्हायचं. पोरगं हेल्मेट, बूट, गुडघ्याचे पॅड घालून तयार, दोन चकरा होतात न होतात तोवर मागचं चाक बसलेलं, मग गाडी पिकअपमध्ये टाकायची, शहरात यायचं, पंक्चर काढायचं नाहीतर नवी ट्यूब टाकायची, आणि पुढच्या रविवारी परत "मामा, हवा गेली". शेवटी शेवटी तर तो गाडी सुरू करायच्या आधीच चाक दाबून बघायचा आणि माझ्या तोंडाकडं बघायचा, ते बघवत नव्हतं.

चूक एकच होती. ट्यूब कुठं फुटली, कशी फुटली ते न बघता आम्ही नुसती बदलत होतो. नशीब की जुन्या ट्यूब शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेवल्या होत्या. एका दुपारी पाचही काढून थोडी थोडी हवा भरून ओळीनं ठेवल्या, तेव्हा दिसलं की पाच ट्यूबा चार वेगळ्या कारणांनी गेल्यात. मग एक कारण दुरुस्त करून बाकीची कशी थांबणार. म्हणून हे सगळं लिहून काढतोय, ज्यांच्याकडं अशी दहा, बारा, चौदा इंची चाकाची गाडी आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी सगळ्यात सोपं. चाक बसलं म्हणजे ट्यूब फुटलीच असं नसतं. व्हॉल्वची टोपी काढा, बोटानं साबणाचं पाणी लावा, बुडबुडा फुगत असेल तर आतली पिन ढिली आहे नाहीतर तिच्यात माती गेलीय. पिन काढायची छोटी चावी दहा-वीस रुपयाला मिळते, पिन घट्ट करा नाहीतर नवी टाका. आणि टोपी कायम लावत जा, आपल्याकडचा फुफाटा असा आहे की उघड्या व्हॉल्वमध्ये एका दिवसात जाऊन बसतो.

पिन ठीक असेल तर चाक खोला, पण टॉमी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) लावायच्या आधी खडूनं टायरवर व्हॉल्वच्या समोर एक खूण करा आणि गाडीला चाक बसवलेलं असताना चेनच्या बाजूला कुठली बाजू येते तेही लिहा. हे कुणीच करत नाही आणि सगळा तपास इथंच बुडतो. ट्यूब बाहेर काढली की ती कशीही फिरते, मग तिच्यावरचं भोक टायरच्या कुठल्या जागी होतं ते परत सापडत नाही. खूण असली तर ट्यूब टायरवर होती तशी ठेवायची, व्हॉल्व खुणेला, की भोकाच्या बरोबर समोर टायर आणि रिमचा तोच तुकडा येतो आणि तिथंच कारण बसलेलं असतं.

आता ट्यूब फुगवा, पण नुसती गोल होईपर्यंत, आणि घमेल्यात पाणी घेऊन तुकड्या तुकड्यानं बुडवा. भोक सापडलं की खडूनं नाही, बॉलपेननं गोल करा, ओल्या ट्यूबवर खडू राहत नाही. मग बघा भोक कुठल्या बाजूला आहे.

बाहेरच्या बाजूला, म्हणजे जमिनीकडच्या अंगाला, एकच बारीक भोक असेल तर काटा. आपल्या भागात हे सगळ्यात जास्त. येडी बाभळ बांधाबांधावर आहे, तिच्या फांद्या तोडून लोक कुंपणाला काट्या टाकतात, आणि वाळल्यावर तो काटा हिरव्यापेक्षा कडक होतो. त्यात ह्या छोट्या गाड्यांचे टायर पातळ असतात, गट्ट्यांच्या मधल्या जागेत तर रबर नावालाच असतं. सराटा पण असतो पण तो आखूड, जाड टायरमधून सहसा आत पोचत नाही, झिजलेल्या टायरमधून मात्र पोचतो.

आमच्या पहिल्या दोन ट्यूब ह्याच्यानंच गेल्या, आणि गंमत म्हणजे एकाच काट्यानं. पहिल्यांदा ट्यूब काढली तेव्हा टायरच्या आतून मी हात फिरवला होता, काही लागलं नाही. दुसऱ्यांदा पण तेच. मग आमच्या इथले जुने पंक्चरवाले चाचा आहेत त्यांनी टायर मांडीवर घेतला, म्हणाले हातानं नाही सापडत, कापूस घ्या. कापसाचा बोळा टायरच्या आतून हळू फिरवला, एक चक्कर झाली काही नाही, उलट्या दिशेनं फिरवला आणि एका जागी दोन तंतू अडकून राहिले. बघितलं तर नुसतं टायर. चाचांनी टायर त्या जागी दोन्ही हातानं बाहेरच्या बाजूनं दाबून आत उलटा वाकवला, तेव्हा काळ्या रबरातून तपकिरी टोक वर आलं, तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढं. बाहेरून काटा मोडलेला होता त्यामुळं बाहेरून दिसत नव्हता, आतून टायर सरळ असताना टोक रबरात बुडालेलं राहायचं, आणि गाडी पळताना टायर दबला की ते टोक बाहेर यायचं आणि ट्यूबला टोचायचं. पकडीनं आतून पकडून ओढला तर जवळजवळ पाऊण इंच काटा निघाला. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी कापूस दोन्ही दिशांनी फिरवतो आणि संशय असेल तिथं टायर उलटा वाकवून बघतो. हात फिरवण्यापेक्षा हे सुरक्षित पण आहे, तारेचा तुकडा असेल तर बोट कापतं.

काट्यासारखाच दुसरा दुश्मन म्हणजे धसकटं. ज्वारीची काढणी झाली की रानात सड उभे राहतात, आणि तुरीचं धसकट तर विळ्यानं तिरकं कापलेलं असतं, ते म्हणजे रोवलेला खिळाच. तुरीच्या रानात ट्रॅक्टरची टायरं पंक्चर होतात तिथं ह्या २.५० च्या टायरचं काय. त्या रानात रोटर मारल्याशिवाय गाडी घालायचीच नाही. आम्ही आता बांधाच्या आतून एक गोल पट्टा काढलाय, त्याच्यावर मुरूम टाकून घेतला, आणि गाडी त्याच पट्ट्यावर. रविवारी सकाळी पोरगं स्वतः एक चक्कर पायी मारून काट्या उचलतं.

आता भोक आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडच्या अंगाला असेल तर काट्याचा काही संबंध नाही, कारण तारा. स्पोकच्या तारा निपलमधून (तारेच्या टोकाचा छोटा नट) रिमच्या आत येतात, कुणीतरी कधीतरी चाक सरळ करायला तारा कसलेल्या असतात आणि एखाद्या तारेचं टोक निपलच्या वर दोन मिलिमीटर येऊन बसतं. वर रिमची रबरी पट्टी असते पण ती जुनी झाली की सरकते, तुटते, कधी कधी सेकंडहँड गाडीत ती नसतेच, आमच्यात नव्हती. त्याच्या जागी कुणीतरी वायरमनची काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. उन्हाळ्यात तिचा डिंक पातळ होऊन टेप बाजूला सरकते आणि तारा उघड्या पडतात. आमची चौथी ट्यूब अशी गेली, भोकाभोवती काळा चिकट डाग होता त्याच्यावरून कळलं.

उपाय सोपा आहे पण वेळ द्यावा लागतो. टायर पूर्ण काढा, टेपचा डिंक रॉकेल नाहीतर पेट्रोलनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या, पेट्रोल रबराला लागू देऊ नका. प्रत्येक निपलवरून बोट फिरवा, जी तार वर आलीय ती कानशीनं निपलच्या बरोबरीनं घासा. रिमचा जोड जिथं आहे तिथं वेल्डिंगचा कण असतो तोही घासा. व्हॉल्वच्या भोकाची कड आतून बोटानं बघा, ती धारदार असेल तर गोल कानशीनं मारून घ्या. गंज असेल तर घासपेपर मारा, कारण पावसात तारांच्या भोकातून पाणी आत जातं, रिम आतून गंजतो आणि त्या गंजाची भुकटी ट्यूबला घासपेपरसारखीच खाते. मग पट्टी. २.५०-१० ची तयार पट्टी मिळाली तर तीच घाला. नाही मिळाली तर जुन्या ट्यूबचा गोल रिंगसारखा तुकडा कापा, रिमच्या तळाएवढाच रुंद, जास्त नाही, काठावर चढला तर टायर नीट बसत नाही. व्हॉल्वसाठी त्याला भोक पाडा आणि ताणून बसवा. आम्ही गेलेल्या ट्यूबचीच केली.

भोक बाजूला असेल आणि एक नाही तर दोन असतील, शेजारी शेजारी, साप चावल्यासारखे दोन आडवे काप, तर ट्यूब चेमटलीय. हवा कमी होती, चाक दगडावर नाहीतर बांधावर जोरात आदळलं, टायर रिमपर्यंत दबला आणि मध्ये ट्यूब सापडली, रिमच्या दोन्ही काठांनी दोन चिरा पाडल्या. ह्यात ट्यूबचा काही दोष नाही, कितीही महागाची टाकली तरी चेमटणारच. एक गोष्ट स्पष्ट सांगतो, लहान पोरांच्या गाडीवर मोठ्यांनी बसू नका. हुरड्याला पाहुणे येतात, "बघू रे जरा" म्हणत ऐंशी किलोचा माणूस पंचवीस-तीस किलोच्या पोरासाठी भरलेल्या हवेवर बसतो आणि बांधावरून उडवतो. पोराला नाही म्हणता येत नाही, आपण म्हणायचं.

पण एकच काप असेल, रिमच्या काठाजवळ, आणि तोही टायर बसवल्या बसवल्या लगेच हवा गेली असेल, तर तो टॉमीचा मार आहे. बसवताना टॉमीच्या टोकाखाली ट्यूब आली. हे पंक्चरच्या दुकानात घाईत होतं आणि घरी तर होतंच. मी स्वतः पहिल्यांदा बसवली तेव्हा सहावी ट्यूब अशीच घालवली, दहा मिनिटांत हवा गेली तेव्हा कळलं.

व्हॉल्वच्या बुडाशी फाटली असेल तर ते सगळ्यात वाईट कारण तिथं पॅच बसत नाही, ट्यूब संपली. आमची पाचवी. ह्याचं कारण असं की हवा कमी असली की ॲक्सिलरेटर दिल्यावर चाक फिरतं पण टायर रिमवरून हळूहळू घसरतो, ट्यूब टायरला चिकटलेली असते म्हणून तीही जाते, आणि व्हॉल्व मात्र रिमच्या भोकात अडकलेला, मग तो तिरका होत होत बुडातून फाटतो. मोठ्या मोटोक्रॉसच्या गाड्यांना टायर घसरू नये म्हणून रिम लॉक असतो, ह्या छोट्या गाड्यांना बहुतेक नसतो. म्हणून दोन गोष्टी करा. एक, टायर आणि रिम दोन्हीवर मिळून ऑइल पेंटची एक रेघ मारा. चकरा झाल्यावर रेघ तुटलेली दिसली, टायरवरची मागं आणि रिमवरची पुढं, तर टायर घसरतोय, हवा वाढवा. दुसरं, व्हॉल्वला जो नट असतो तो रिमवर आवळून ठेवू नका. सगळे आवळतात, मला पण ते बरोबरच वाटायचं. तो नट वर फिरवून टोपीला भिडवून ठेवा. व्हॉल्वला थोडी हलायला जागा राहते आणि तो तिरका झालेला लगेच डोळ्याला दिसतो. तिरका दिसला की तिथंच थांबा, हवा सोडा, टायर दाबून ट्यूब सरळ करा, ट्यूब वाचते.

आता तिसऱ्या ट्यूबची गोष्ट, ही बहुतेकांच्या लक्षात येत नाही म्हणून सविस्तर सांगतो. शहरात २.५०-१० ची ट्यूब सहज मिळत नाही. दुकानात गेलं की विचारतात किती इंची, आपण म्हणतो दहा, ते स्कूटरची देतात, ३.५०-१०. रिम दहा, ट्यूब दहा, बसते पण. पण पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आहे, अडीच इंचाच्या टायरमध्ये साडेतीन इंचाची ट्यूब घातली तर ती आत मावत नाही, घडी पडते. ती घडी चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्वतःवरच घासते आणि आठ-दहा दिवसांत तिथून चीर जाते. आमच्या ट्यूबवर लांब तिरकी रेघ होती, तिच्या दोन्ही बाजूला रबर घासून चकचकीत झालेलं, आणि रेघेच्या मधोमध फाटलेलं. शिवाय जुन्या स्कूटरच्या ट्यूबच्या व्हॉल्वची नळी वाकडी असते कारण तिचा रिम वेगळा, आपल्या तारांच्या रिमच्या मधल्या भोकात ती ताण खाऊनच बसते. उलटं पण करू नका, लहान ट्यूब ओढून बसवली की ती फुगून पातळ होते आणि साध्या काट्याला जाते. टायरवर जो आकडा आहे तोच ट्यूबवर पाहिजे. ट्यूबवर २.५०/२.७५-१० असं जोडीनं लिहिलेलं असतं, ते चालतं. मागवताना नळी सरळ की वाकडी ते जुनीशी ताडून बघा, आणि एकदम दोन मागवा.

अजून एक, अगदी बारक्या पोरांच्या काही गाड्यांवर १२½ × २.७५ असं लिहिलेलं असतं. इथं साडेबारा हे टायरचं बाहेरचं माप आहे, रिम त्यापेक्षा बराच लहान असतो. त्याला बारा इंचाची ट्यूब आणली की पैसे पाण्यात. आकडे जसेच्या तसे फोटो काढून दुकानदाराला दाखवा, तोंडी सांगू नका.

आता हवा किती. पहिलं, गाडीच्या पुस्तकात असेल ते धरा. पुस्तक नसेल तर टायरच्या अंगावर लिहिलेला जो आकडा असतो तो जास्तीत जास्त किती भरता येईल त्याचा असतो, रोज तेवढी भरायची नसते. मोठ्या डर्ट बाईकला कच्च्यात १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, दुकानात पॉइंट म्हणतात ते) ठेवतात. ह्या छोट्या चाकात रिम आणि जमीन ह्यात अंतरच कमी, म्हणून मी थोडी जास्त ठेवतो, पुढं १५ आणि मागं १७-१८, मुरमात दगड जास्त असेल तर दोन अजून. बारापेक्षा खाली मी कधी जात नाही.

आणि ही हवा मोजायची कशानं हा खरा प्रश्न आहे. दुकानात "किती पॉइंट?" विचारतात, आपण पंधरा म्हणतो, पण त्यांचा काटा ट्रक आणि कारच्या हवेसाठी, खाली दहा-वीसमध्ये तो नुसता हलतो. दुसरं, ह्या ट्यूबमध्ये हवा मावतेच किती, मोठ्या कॉम्प्रेसरची नळी एक सेकंद जास्त दाबली की चाळीसच्या वर जाते. मी पायानं मारायचा सायकलचा पंप घेतला आणि तीस पीएसआयपर्यंतचा छोटा काटा वेगळा घेतला. प्रत्येक वेळी गाडी सुरू करायच्या आधी, थंड असताना मोजायची. पोराला शिकवलंय, तो स्वतः मोजून वहीत लिहितो, आणि वहीत दर आठवड्याला दोन-तीन पॉइंट कमी दिसायला लागले की कुठंतरी बारीक गळती आहे हे चाक बसायच्या आधीच कळतं.

आपल्याकडं सगळे एकच म्हणतात, सोलापूरचं ऊन, हवा तापून ट्यूब फुटते. मी पण हेच धरून बसलो होतो. पण हिशोब बघा, सकाळी २५ डिग्रीला १५ पीएसआय भरली आणि दुपारी टायरमधली हवा ४५ डिग्रीला गेली तरी दाब साधारण दोनच पीएसआयनं वाढतो. दोन पीएसआयनं चांगली ट्यूब फुटत नाही. ऊन मारतं ते दुसऱ्या मार्गानं. पॅचचं सोल्युशन मऊ होऊन पॅचची कड उचलते, टेप सरकते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये लटकवलेली स्पेअर ट्यूब तीन-चार उन्हाळ्यात कडक होऊन ताणली की बारीक भेगा दिसतात. स्पेअर ट्यूब पावडर लावून पिशवीत बांधून घरात ठेवा, आणि गाडी सावलीत.

आता बसवायचं, इथं घाई करू नका. टायर आधी उन्हात दहा मिनिटं ठेवा, मऊ होतो, इथं मात्र आपलं ऊन कामाला येतं. टायरच्या आतून आणि ट्यूबला साधी टाल्कम पावडर हलकी लावा, जास्त टाकली तर गोळे होतात. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असतो तो बघा. टायरची एक बाजू रिमवर चढवा, मग ट्यूबमध्ये तोंडानं फुंकल्याएवढीच हवा भरा, नुसती गोल व्हावी, आणि आत घालून व्हॉल्व भोकातून काढा. नट दोन आटे फिरवून ठेवा म्हणजे आत पडत नाही. पूर्ण बोटांनी चाचपून बघा की कुठं पीळ नाही.

दुसरी बाजू चढवताना व्हॉल्वच्या बरोबर समोरून सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्वपाशी. टायरच्या काठाला साबणाचं पाणी लावा. पहिला निम्मा भाग हातानं आणि गुडघ्यानं जातो. पुढचं समजून घ्या, रिमच्या मध्ये खोलगट नाळ असते, टायरची आधी चढलेली कड त्या नाळेत गुडघ्यानं दाबून धरली की समोरच्या बाजूला ढील मिळते. ती ढील नसेल तर माणूस टॉमीवर जोर लावतो आणि ट्यूब कापते. टॉमी एका वेळी दोन बोटांपेक्षा जास्त घ्यायची नाही, टोक नुसतं रिमच्या काठापुरतं, आत खोल नाही, आणि उभी करून काठाच्या पलीकडं ढकलायची नाही. जास्त जोर लागतोय असं वाटलं की थांबा, समोरची कड नाळेतून बाहेर आलीय, परत दाबा. शेवटी व्हॉल्वपाशी आलात की व्हॉल्व बोटानं आत ढकला, म्हणजे त्याच्या बुडाची ट्यूब कडेखाली अडकणार नाही, मग शेवटची कड चढवा. टॉमीची टोकं गोल घासलेली ठेवा, स्क्रूड्रायव्हरनं हे काम अजिबात नाही.

मग पंपानं २५ पर्यंत भरा, टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या आतच, आणि टायरच्या काठाजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडं सारख्या अंतरावर आली का ते चाक फिरवून बघा. आली की पिन काढून सगळी हवा सोडा. हो, सगळी. टायर चारी बाजूनं दाबा, आणि परत भरा. पहिल्यांदा भरताना ट्यूबला कुठं सुरकुती पडलेली असते ती दुसऱ्यांदा भरताना सरळ होते. दोन मिनिटांचं काम आहे आणि दुकानात कधीच कुणी करत नाही.

पंक्चर काढायचं असेल तर पॅच लावा पण नीट. घासपेपरनं पॅचपेक्षा मोठी जागा घासा, ट्यूबच्या जोडाची उठलेली रेघ मध्ये येत असेल तर ती सपाट करा, सोल्युशन पातळ लावा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, ओल्यावर लावलेला पॅच निघतोच. छोट्या ट्यूबवर मोठा पॅच कडक पडतो, ट्यूब फुगते आणि पॅच ताणत नाही. म्हणून दोनच्या वर पॅच झाले की मी ती ट्यूब सोडतो. चेमटलेल्या दोन कापांवर पॅच लावण्यात अर्थ नाही.

ट्यूबमध्ये टाकायचं सीलंटचं पाणी मिळतं त्याबद्दल बरेच जण विचारतात. काट्यासाठी चांगलं आहे, बारीक भोक फिरता फिरता बुजतं. पण चेमटलेली, घडीची, व्हॉल्वची फाट त्यानं बुजत नाही, आणि नंतर पॅच लावायचा झाला तर आतलं पाणी बाहेर येत राहतं, जागा कोरडी होत नाही. काटा हेच तुमचं कारण आहे असं कापसानं सिद्ध झालं असेल तरच टाका. त्यापेक्षा आधी टायर बघा. गट्टे झिजले असतील, बाजूला भेगा असतील, आतले धागे दिसत असतील तर नवा टायर हाच उपाय, जमलं तर चार प्लायचा (जास्त मजबूत अंगाचा), आणि जाड ट्यूब मागवायची असेल तर ती त्यानंतर. जाड ट्यूब काट्याला थोडी तग धरते, पण उघड्या तारेपुढं तीही टिकत नाही.

आता पिकअपच्या डॅशबोर्डच्या खणात एक डबा कायम असतो, दोन छोट्या टॉमी, पिनची चावी, चार पिना, खडू, कापूस, पावडरची डबी, हवा मोजायचा काटा आणि पिशवीत बांधलेली एक २.५०-१० ची ट्यूब. मागच्या चाकात सध्या जी आहे ती हुरड्याच्या दिवसात टाकलेली, मध्ये एकदा काटा लागला, तो पोरानंच कापसानं शोधला, एक पॅच आहे तिच्यावर. पेंटची रेघ मात्र परवा बघितली तर टायरवर अर्धा इंच मागं सरकलेली दिसली, म्हणून मागची हवा १७ वरून १९ केलीय, ह्या रविवारी चकरा झाल्या की परत बघणार आहे.